आधी घोडी, मग जीप

जुनी जीप उघडायला घेतलेल्या माणसाच्या घरी दीड वर्षानं जाऊन बघा. जीप दिसणार नाही. बॉनेट जिन्याखाली, पुढची काच पलंगामागे, इंजिन विटांच्या थप्पीवर, आणि बॉडी अंगणात चार बाद टायरांवर, निळ्या ताडपत्रीखाली. आत मांजर व्यायलेली. मालक सांगतो, "चासी तयार आहे, बॉडी तेवढी बसवायची राहिली." मग एका रविवारी सहा माणसं जमवून बॉडी चासीवर ठेवतात आणि बोल्टांची भोकं चार सूत हुकतात. मेकॅनिक म्हणतो, पत्र्याचं काम करणाऱ्यानं घोळ घातला. पत्रेवाला म्हणतो, चासीच वाकडी आहे. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. बॉडी वाकवली ती त्या चार टायरांनी.

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर उचलली की खाली जो लोखंडी आधार सरकवतात, त्याला घोडी म्हणतात. सुताराची घोडी वेगळी, रंगाऱ्याची वेगळी, पण काम एकच: उचललेली वस्तू हाताला येईल अशा उंचीवर, न हलता धरून ठेवणं. जुन्या जीपच्या बॉडीला लागते ती चाकांची घोडी. ती बाजारात तयार मिळत नाही, मिळाली तरी आपल्या गाडीच्या मापाची नसते. घरीच करावी लागते, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या उद्योगात पहिल्यांदा करायची गोष्ट तीच आहे. लोक ती शेवटी करतात, किंवा करतच नाहीत.

जीपची बॉडी इतकी लाडावलेली का, हे कळायला तिच्या जन्माकडे जावं लागतं. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्यानं १३५ कंपन्यांकडे एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी टेहळणी गाडी मागितली. नमुना ४९ दिवसांत हवा होता. वेळेत तो दिला पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅंटम या लहानशा कंपनीनं. आराखडा कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरचा, आणि गाडी २३ सप्टेंबरला मेरीलंडमधल्या कॅम्प होलाबर्डच्या सैनिकी तळावर पोचली. सैन्यानं वजनाची मर्यादा घातली होती १,३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो. ती कुणालाच जमली नाही. पुढं विलिस या कंपनीची जी एमबी जीप लाखांनी निघाली तिचं वजन हजार-अकराशे किलोंवर गेलं. विलिस आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या काढल्या.

वजनाचा हट्ट पुरा झाला नाही, पण त्याची कंजुषी गाडीत मुरली. छप्पर नाही, दारं नाहीत, पत्रा पातळ. ताकद काय ती पत्र्याच्या घड्यांत आणि फरशीखाली जोडलेल्या, उलट्या टोपीच्या आकाराच्या पन्हळींत. बाकी सगळा भार खालच्या चासीवर. बुटांचं एक खोकं घ्या, झाकण काढून टाका, दोन्ही बाजूंना चढण्या-उतरण्यासाठी खोल खाचा कापा आणि मग त्याचा एक कोपरा उचला. खोकं पिळवटतं ना, तीच जीपची बॉडी. बोल्ट सोडले की ती गाडी राहत नाही, ओल्या पापडासारखी होते. ज्यावर ठेवाल त्याचा आकार घेते.

सैनिकी जीपच्या त्या पन्हळींत लाकूड भरलेलं असे. युद्धाच्या गाडीचं आयुष्य लांबचं धरलेलं नसल्यानं ते चालून गेलं. पण लाकूड पाणी पितं आणि पितच राहतं. ऐंशी वर्षांनी उघडलेल्या गाडीत फरशी वरून शाबूत दिसते आणि खालची पन्हळ बोटानं खरवडली की भुसा आणि गंज यांचा एकजीव काला हातात येतो. म्हणजे जी हाडं बॉडीला सरळ धरणार, तीच आधी गेलेली.

आपल्याकडे ज्या जुन्या जीप सापडतात त्यांतल्या बहुतेक सैनिकी नव्हेत, महिंद्रच्या. १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद या नावानं पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली ही कंपनी फाळणीनंतर महिंद्र अँड महिंद्र झाली आणि मुंबईत विलिसच्या जीप जोडू लागली. अमेरिकेत १९५३ साली आलेलं सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल इथं इतकं रुजलं की तिकडं बंद पडल्यावरही इकडं त्याची भावंडं कित्येक वर्षं निघत राहिली. बॉनेट उंच का, तर आतल्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून वर, हेडमध्ये नेले होते. इंजिन उंचावलं, मग झाकणही उंचावलं. त्यांतूनच झाल्या शासकीय जीप, प्रचाराची जीप, आणि सातारा-सांगलीकडच्या रस्त्यांवर प्रवासी भरून धावणारी वडाप. वडापची बॉडी मिळाली तर विशेष जपा. मागं बाकं वाढवलेली, पायदानावर माणसं लोंबलेली आणि टपावर करडं चढवलेली, अशी वीस वर्षं काढलेला पत्रा कागदावरच्या मापाला मान देत नाही.

म्हणून बोल्ट सोडण्याआधीच, बॉडी चासीवर घट्ट असतानाच, तिची मापं घ्यायची. चढण्या-उतरण्याच्या दोन्ही खाचांची रुंदी वर आणि खाली, डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण आणि त्याचा जोडीदार दुसरा कर्ण, काचेच्या बिजागऱ्यांमधलं अंतर. वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा, आणि एवढ्यावर न थांबता दोन्ही खाचांमध्ये आडवा अँगल वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडून टाका. एक इंजिनामागच्या पत्र्याच्या पडद्यापासून मागच्या चाकावरच्या पेटीपर्यंत डावीकडे, तसाच उजवीकडे, आणि एक डावी-उजवी बाजू सांधणारा. गाडीला पट्टे बांधल्यासारखं दिसतं, दिसू द्या. हे वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी काढा आणि पेट्रोलची टाकी गाडीबाहेर, दूर नेऊन ठेवा. या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या आसनाखालीच असते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण स्फोट होतो तो वाफेचा, पातळ पेट्रोलचा नाही. 'धुतली आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता घोडी. तिचं सगळं तत्त्व एका वाक्यात मावतं: घोडी ही चासीची नक्कल असली पाहिजे. जिथं जिथं चासी बॉडीला धरत होती, तिथं तिथं आणि तेवढ्याच उंचीवर घोडीनं धरायचं. बाकी कुठंही टेकू द्यायचा नाही. चासीवर गादीसारखे रबराचे किंवा कॅनव्हासचे तुकडे घालून बॉडी बोल्टांनी कसलेली असते. त्या सगळ्या भोकांचा नकाशा घ्यायचा. सोपा उपाय म्हणजे जाड पुठ्ठा किंवा प्लायची पट्टी चासीवर ठेवून भोकं उतरवून घेणं. चासीला गंज लागला असेल तरी हरकत नाही, भोकांची जागा गंजत नाही. त्या नकाशावर घोडीचे खांब उभे राहतात, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक पट्टी, तिला भोक, त्यात खरा बोल्ट. बॉडी घोडीवर नुसती ठेवायची नसते, कसायची असते. इथंच टायर, विटा आणि लाकडी ओंडके नापास होतात. ते वजन उचलतात, पण आकार धरत नाहीत.

लोखंड कुठलं? वर्कशॉपवाले आधी अँगल किंवा चॅनेल सुचवतील, कारण ते कोपऱ्यात पडलेलं असतं. चौकोनी पाइप घ्या, ५० बाय ५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाड. मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो आणि ६ मीटरच्या लांबीत मिळतो. तीन लांब्यांत घोडी होते. पाइपचाच आग्रह का, हे कापडाच्या ताग्यात येते त्या पुठ्ठ्याच्या नळीवर करून पाहा. नळी दोन हातांत धरून पिळा, पिळत नाही. आता तिला लांबीच्या दिशेनं एक चीर द्या आणि पुन्हा पिळा. एक तोळाही पुठ्ठा कमी झालेला नाही, तरी नळी चिंधीसारखी वळते. गणितानं मांडलं तर आपला हा पाइप अखंड असताना पिळाला जितका दाद देत नाही, त्याच्या सुमारे १८० वा हिस्सा जोर त्याला चीर दिल्यावर उरतो. अँगल आणि चॅनेल म्हणजे जन्मतः चिरलेल्या नळ्याच.

यात एक गंमत आहे. खुद्द जीपची चासी मात्र बरीचशी उघड्या चॅनेलची, आणि ती मुद्दाम थोडी पिळवटू दिलेली. खडकाळ वाटेवर एक चाक वर चढलं तर चासी जराशी वळते, आणि म्हणून बाकीची तीन चाकं जमीन सोडत नाहीत. रस्त्यावर जो गुण, तो अंगणात अवगुण. घोडीला डोंगर चढायचा नाही, तिला तीन पावसाळे एका आकारात उभं राहायचं आहे. नक्कल जागांची करायची, स्वभावाची नाही.

सांगाडा जोडताना काटकोनासाठी गवंड्याचा ३-४-५ चा हिशेब पुरतो: कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं की कोन साधला. मग आधी फक्त टाके. चारही कोपऱ्यांना टाके मारून दोन्ही कर्ण मोजायचे, एक सूतही फरक असेल तर हातोड्यानं मागं आणायचं, आणि मग पूर्ण वेल्डिंग. तेही एका कोपऱ्याचं संपवून दुसऱ्याकडे नाही, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आलटूनपालटून. वितळलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं आणि सांगाड्याला आपल्याकडे ओढतं. घाईच्या वेल्डरची घोडी सकाळी सरळ आणि संध्याकाळी पतंगासारखी असते, ती यामुळंच. भंगारातून जस्ताचा मुलामा दिलेला पाइप आणला असेल तर जोडाच्या जागी मुलामा घासून काढा आणि उघड्यावर काम करा. जस्ताच्या धुरानं रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

मी चाकांच्या बाबतीत पहिल्या वेळी चूक केली. दोन इंची फिरकी चाकं स्वस्त मिळाली, चारही तसली लावली, आणि बॉडी शेडमधून अंगणात आणताना मोरीच्या कडेवर घोडी जागीच खिळली. घोडी थांबली, बॉडी थांबली नाही. पुढं उभा असलेला माणूस पटकन बाजूला झाला म्हणून ही हकिगत हलकेच सांगता येते.

चूक कशी झाली ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. बॉडी, घोडी आणि वर टाकलेलं किडूकमिडूक मिळून ३०० किलो धरू. एका चाकावर ७५ किलो. पुढ्यात १० मिलिमीटरची कड आली, म्हणजे फरशीची एक उचललेली लादी. ५० मिलिमीटर व्यासाच्या चाकाला ती ओलांडायला साधारण १०० किलोचा आडवा जोर लागतो. १५० मिलिमीटरच्या चाकाला ४३ किलो पुरतात, २०० च्या चाकाला ३६. दोन इंचांवरून सहा इंचांवर गेलं की जोर निम्म्याहून कमी होतो. सहावरून आठवर जाऊन मिळतं थोडंच. म्हणून सहा इंची. क्षमता निवडताना ३०० ला चारानं भागू नका, तिनानं भागा. जमीन कधीच सपाट नसते, आपली घोडी ताठ आहे, म्हणजे एक चाक कुठल्याही क्षणी अधांतरी असणार, लंगड्या टेबलासारखं. शंभर किलो झाले, त्यावर धक्क्यांसाठी दुप्पट. २०० किलोचं चाक घ्या.

चारही फिरकी घ्यायची की दोन फिरकी, दोन सरळ? फिरकी चाकाचा आस त्याच्या खुंटीच्या किंचित मागे असतो, म्हणून ते वासरासारखं मागून येतं. दिशा बदलली की चारही वासरं आधी गोल फिरतात आणि तेवढ्यात घोडी भलतीकडे सरकते. लांबवर ढकलायचं असेल तर मागे दोन सरळ चाकं बरी. पण अरुंद शेडमध्ये भिंतीलगत आडवं सरकवायचं असेल तर चारही फिरकीच लागतात, निदान दोन चाकांना ब्रेक असलेली. मी आता चारही फिरकीच लावतो आणि एकट्यानं ढकलत नाही.

राहिला कलंडण्याचा प्रश्न. जीपची चासी अरुंद, अडीच फुटांच्या आसपास, आणि बॉडी तिच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. घोडीचे खांब चासीच्या जागी उभे राहणार हे ठरलंच आहे, पण चाकंही तिथंच लावली तर घोडी उंटासारखी होते. बॉडीची फरशी दोन फुटांवर ठेवली आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ३६ इंचांवर धरला, तर चाकांमध्ये ३० इंच असताना घोडी साधारण साडेबावीस अंशांना पलटी खाते. चाकं ४८ इंचांवर नेली तर ३४ अंशांपर्यंत तग धरते. बॉडी पाच फुटांहून थोडी रुंद असल्यानं ४८ इंची पाय तिच्या सावलीतच राहतात, येताजाता नडगीला लागत नाहीत. तेव्हा खांब आत, पाय बाहेर.

चारही कोपऱ्यांवर एकेक मोठा नट वेल्ड करून त्यात लांब बोल्ट घाला आणि बोल्टाखाली पट्टी. घोडी जागेवर पोचली की बोल्ट फिरवून ती चाकांवरून उचलायची. महिनोन्‌महिने एकाच जागी भार राहिला तर रबरी चाकं एका बाजूनं चपटी होतात, शिवाय ही लंगड्या टेबलाची तक्रारही इथंच मिटते. पाण्याची नळी लावून चारही खांबांची लेव्हल जुळवा, आणि पावसाळ्यापूर्वी नि नंतर पुन्हा तपासा. मुरमाच्या अंगणात एक कोपरा बसतोच.

बॉडी उचलताना जे विसरतं ते ठरलेलं असतं. स्टिअरिंगचा दांडा, पेडल, मागच्या दिव्यांची वायर, गिअरच्या दोन-तीन दांड्या, आणि गंजून चासीला चिकटलेला एक बोल्ट जो मोजदादीत राहतो. चेनकप्पीनं दोन बोटं उचला आणि थांबा. सगळीकडे सारखी फट दिसते का, दिव्यानं बघा. एक कोपरा खाली चिकटून असेल तर वर ओढत राहू नका, तिथं बोल्ट आहे. कप्पी नसेल तर चार-सहा जण सोललेली बॉडी उचलतात. मात्र 'धर' आणि 'सोड' एकानंच म्हणायचं.

घोडीवर कसल्यानंतर साठवणुकीचा भाग तसा छोटा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. रात्री आत दव धरतं आणि बॉडी आपल्याच घामात गंजते. वर ताडपत्रीचं छत, बॉडीवर जुनी सुती चादर, मध्ये वारा. फरशीतली पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवा आणि लेव्हल जुळल्यावर पुढचे दोन्ही बोल्ट सारखेच फिरवून घोडीचा पुढचा भाग केसभर खाली घ्या. उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. घोडीच्या खालच्या चौकटीवर प्लायची फळी टाकली की बॉनेट, ग्रिल, मडगार्ड तिथं उभे राहतात, आणि नटबोल्टांच्या पिशव्याही, प्रत्येकीवर कुठला तो लिहून. 'लक्षात राहील' असं म्हणून ठेवलेली पिशवी मी अजून एकही ओळखलेली नाही.

काहींना बॉडी कबाबाच्या सळईसारखी गोल फिरवणारी घोडी हवी असते, म्हणजे खालच्या पन्हळी उभ्यानं करता येतात. ती जरूर करा, पण फिरण्याचा आस गुरुत्वमध्यातून गेला पाहिजे. नाहीतर अर्ध्यावर नेलेली बॉडी हातातून सुटून धाडकन उलटी होते. गुरुत्वमध्य अंदाजानं सापडत नाही. आसाची पट्टी वरखाली करता येईल अशी एकाखाली एक भोकं ठेवा आणि बॉडी कुठल्याही कोनात सोडली तरी जिथल्या तिथं राहीपर्यंत भोक बदलत जा.

मग पन्हळी एकेक करून बदलायच्या, दोन एकदम नाही. एक कापली, नवी बसवली, मापं वहीशी ताडली, की दुसरी. हे काम महिन्याचं असतं आणि वर्षाचं होतं. पैसे संपतात, मुलाची दहावी येते, वेल्डर गावी जातो. घोडी तशीच उभी असते, आणि बॉडीचं माप तिच्या खांबांवर जसंच्या तसं.

परत चासीवर बसवताना सगळे बोल्ट आधी हातानं, नुसते दोन-तीन आटे. शेवटचा बोल्ट भोकात गेल्याशिवाय पहिला कसायचा नाही. मग मधल्यांपासून बाहेरच्यांकडे जात पान्यानं आवळायचे. खाचांमधले ते आडवे अँगल अजून तसेच आहेत, ते सर्वांत शेवटी. ग्राइंडर लावायचा आणि टाका सुटताना काय होतं ते बघायचं. अँगल 'टण्ण' करून उडाला आणि खाच दोन सूत उघडली, तर बॉडी इतके दिवस ताणात होती. बोल्ट सैल करा, गाद्यांखाली पातळ पट्ट्या सरकवा, पुन्हा मोजा. शेवटचा टाका कापल्यावर अँगल नुसताच सैल होऊन ग्राइंडरवाल्याच्या हातात आला, तर चहा सांगायला हरकत नाही.